अंगात फाटकं बनियन, हिरोला एक्स-सूट

मोबाइलवर बीजीएमआय नाहीतर फ्री फायर हे गोळीबाराचे खेळ खेळणाऱ्या आपल्या परभणी-हिंगोलीकडच्या तमाम पोरांना एकच सांगणं आहे: खेळ नंतर शिका, आधी हिरोच्या, म्हणजे खेळातल्या आपल्या बाहुल्याच्या, अंगावर काहीतरी घाला. नेम काय, आज ना उद्या बसेल. पण खेळ सुरू व्हायच्या आधी लॉबीत चौघं उभे आहेत, तिघांच्या पाठीला सोन्याचे पंख आहेत आणि चौथा आपला फुकटच्या टी-शर्टात चुळबुळत उभा आहे, हे घराण्याला शोभत नाही. फोर्टनाइट नावाचा असाच खेळ 2017 साली आला तेव्हापासून तिकडच्या शाळकरी पोरांत ‘डिफॉल्ट’, म्हणजे फुकटच्या कपड्यातला, ही शिवी होऊन बसलीय. आपल्याकडं सरळ ‘बॉट’ म्हणतात. बॉट म्हणजे माणूसच नव्हे, संगणकानं चालवलेला गडी. बारावीला दोनदा आपटलो तरी आपल्याला कुणी माणसातून काढलं नव्हतं. टी-शर्टापायी निघायची वेळ येऊ देऊ नका.

तुम्ही स्वतः काय घातलंय याची काळजी नको. फाटकं बनियन, गुडघ्यावर विरलेली बर्मुडा, चार्जरची वायर पुरेल अशा बेतानं भिंतीला टेकलेली पाठ, एवढं पुरे. लाज हिरोची सांभाळायची असते.

आणि ही आच नुसती पोरांनाच आहे असं समजू नका. 2 सप्टेंबर 2020 ला पबजी मोबाइलवर बंदी आली. नोव्हेंबरात कंपनीनं जाहीर केलं की भारतासाठी वेगळा अवतार काढू. त्यात काय असेल? मार लागला की उडणारा रंग हिरवा, आणि नवा हिरो पहिल्या दिवसापासून कपड्यांत. त्याआधी तो बापडा चड्डीवर उतरायचा. म्हणजे माणसं मारायला ना नाही, फक्त नीट कपडे घालून मारा. जुलै 2021 मध्ये हा अवतार बीजीएमआय नावानं आला तो हे संस्कार घेऊनच. पोरं बिघडू नयेत म्हणून अठराच्या आतल्यांना तेव्हा मर्यादाही घातली: दिवसाला तीन तास खेळ आणि दिवसाला 7,000 रुपये खर्च.

सात हजार. रोजचे.

सोयाबीनचा 2024-25 चा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता, आणि मोंढ्यात तो हातात पडला असं छातीवर हात ठेवून सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय. म्हणजे पोरानं अगदी आज्ञाधारकपणे मर्यादेत राहायचं ठरवलं तरी रोजचं जवळजवळ दीड क्विंटल. एकरी उतारा सात-आठ क्विंटल धरला तर सोमवारी सुरू केलेला एकर शनिवारी संपतो. खत-फवारणी मी धरलेलीच नाही. तेव्हा पोरांनो, मर्यादा पाळा.

आता चेहरा. रंग, केस, डोळे सगळं निवडायला मिळतं. फार डोकं चालवायचं नाही, यादीतला सगळ्यात गोरा घ्यायचा. मे महिन्याच्या उन्हात आपण तव्यासारखे झालो म्हणून हिरोनंही व्हावं असं कुठं आहे? माझ्या भाच्यानं असा दुधात धुतलेला, निळ्या केसांचा हिरो तयार केला. माझ्या बहिणीनं फोनात डोकावून विचारलं, “हा कुणाचा रं लेकरू?” भाचा म्हणाला, “मीच की माय.” तिनं एकदा फोनाकडं पाहिलं, एकदा त्याच्याकडं, आणि भाकरी उलटायला गेली.

या निवडीत दोन तास गेले तरी जाऊ द्यात. कारण एकदा खेळ सुरू होऊन विमानातून उडी मारली की तो चेहरा तुम्हाला परत दिसणार नाही. सगळा वेळ समोर हिरोची पाठ. पाठीवर सॅक येते. डोक्यावर लेव्हल तीनचं हेल्मेट चढतं, म्हणजे निळे केस गेले. अंगावर जाकीट चढतं, म्हणजे ज्या छातीवरच्या नक्षीसाठी पैसे मोजले ती नक्षी गेली. राहता राहिल्या पोटऱ्या. तेव्हा खरेदी करताना पोटऱ्यांकडं नीट लक्ष द्या. हेल्मेटची आणि सॅकची स्किन, म्हणजे वरचा साज, निराळी मिळते, निराळ्या पैशात. कंपनीला गिऱ्हाइकाची अडचण आपल्या मोंढ्यातल्या आडत्यापेक्षा लवकर कळते.

पोरीचा हिरो घेतला तर आणखी उत्तम. माइक मात्र बंद ठेवा. अनोळखी स्क्वाडमधले तिघंही आपापली औषधपाणी तुमच्या पायाशी आणून टाकतील, गोळी लागली की गोळ्यांच्या पावसात रांगत येऊन उठवतील. घरी मायनं पाण्याचा तांब्या मागितला तर ज्यांच्या कानावरून वारं जातं, तेच हे तिघं. चौथा म्हणजे तुम्ही, मिसरूड फुटलेले, वसमतच्या एका पत्र्याच्या खोलीत गालातल्या गालात हसताय. पुढच्या मॅचला तुम्हीच कुणा ‘एंजल’साठी रांगत जाल, तेव्हा ती एंजल सेलूचा दाढीवाला गडी असू शकते एवढं मनात ठेवा आणि तरीही रांगा.

कपडे निवडताना उजेडाला भ्यायचं नाही. खेळाचा सगळा मामला गवतात लपण्यावर आहे, हे खरं. पण दोन किलोमीटरवरून चकाकेल असा एक्स-सूट नावाचा पोशाख घालून पालथं पडण्यात जी शान आहे ती मातकट सदऱ्यात नाही. स्पर्धा खेळणारे मुरलेले गडी काळेसावळे, साधे कपडे घालतात म्हणतात. घालू द्या. त्यांना जिंकायचं असतं.

या धंद्याचा इतिहासही जाता जाता ऐकून ठेवा, मायसमोर उपयोगी पडतो. 2006 साली ऑब्लिव्हियन नावाच्या खेळात घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकायला काढलं. तिकडं लोकांनी टिंगल केली. आपण केली नसती. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत ज्यानं घोड्यांचा बाजार पाहिलाय, गोंडे, घुंगरू, कपाळावरचा तुरा आणि मालकाच्या मिशीला दिलेला पीळ पाहिलाय, त्याला घोड्याच्या साजाचं मोल सांगावं लागत नाही. फरक एवढाच की माळेगावात साजाखाली घोडा असतो. पुढं 2009 मध्ये टीम फोर्ट्रेस 2 या खेळात टोप्या आल्या आणि 2011 मध्ये तो अख्खा खेळच फुकट करून टाकला. लोकांना टोप्या घालण्यात केवढा पैसा आहे हे आपल्या भाषेला आधीच माहीत होतं, साहेबांना जरा उशिरा कळलं.

सरळ किंमत देऊन स्किन घेणं मात्र कमी प्रतीचं. नशिबाची पेटी उघडा, चाक फिरवा. हवी ती निघेस्तोवर फिरवा. बापाच्या काळी याला आकडा लावणं म्हणायचे आणि लावणारा रुमालात तोंड लपवून जायचा. आता सोबत फटाके वाजतात आणि मित्र व्हिडिओ काढतात. बेल्जियमनं 2018 मध्ये असल्या पैशाच्या पेट्यांना जुगार ठरवलं, पण बेल्जियमला कुठं परभणीसारखी हौस. हिशोबाचं म्हणाल तर रुपयाचे आधी डायमंड नाहीतर यूसी, म्हणजे खेळातली नाणी, करायचे, म्हणजे किती गेले ते लागत नाही. पॅक अशा आकड्यांचे असतात की वस्तू घेतल्यावर थोडे उरतात, आणि उरलेल्यात काहीच येत नाही. किराणा दुकानदार सुट्ट्यांच्या बदल्यात चॉकलेट तरी देतो.

बापाच्या फोनवरून पैसे गेलेच तर “चुकून दाबलं गेलं” म्हणायचं. ही थाप नाही, याला आधार आहे. डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगानं फोर्टनाइटच्या कंपनीवर ठपका ठेवला की बटणांची मांडणीच अशी घोळाची आहे की एका दाबात नको ती खरेदी होते. गिऱ्हाइकांना परत द्यायला 24 कोटी 50 लाख डॉलर काढावे लागले. चप्पल उगारायच्या आत हा आकडा एका दमात म्हणता आला पाहिजे. पाठ करा.

दुसऱ्यानं सजवलेली तयार आयडी, म्हणजे खेळातलं खातं, विकत घेण्याचाही मार्ग आहे. मी घेतली. हो, या वयात. बसस्टँडामागच्या एका टॉप-अपवाल्या पोरानं अठराशेला दिली, आत एम 416 ग्लेशियर. बर्फाची बंदूक. एप्रिलचा महिना, लाइट गेलेली, उशीजवळ फोनात बर्फ चमकतोय, काय गारवा वाटायचा सांगू. सहाव्या दिवशी पासवर्ड लागेना. पोराला गाठलं तर म्हणाला, “काका, गेम खेळायचं वय आहे का तुमचं?” याला उत्तर नसतं.

तशी स्किन रीतसर घेतली तरी ती तुमची नसतेच. ‘विकत घ्या’ हे बटणावर असतं. खाली न वाचलेल्या अटींत वापरायची परवानगी असते, कंपनीची मर्जी असेस्तोवर. जुलै 2022 मध्ये बीजीएमआय स्टोअरवरून गेला, मे 2023 मध्ये परतला. मधल्या दहा महिन्यांत ज्यांनी फोन बदलला ते एपीके, म्हणजे स्टोअरबाहेरून खेळ टाकायची फाइल, शोधत दारोदार फिरत होते. सूट आत, मालक बाहेर.

तेव्हा जपून सजवा. भाच्याचंच बघा. पोळ्याच्या दिवशी जिंतूरकडं बहिणीच्या गावी होतो. दाजींची आता एकच जोडी उरलीय, शेजारच्यांनी ट्रॅक्टरलाच माळ घातली होती. ओढ्यावर बैल धुऊन झाले, भाच्याला शिंगं रंगवायला बसवलं. उजव्या हातात ब्रश, डाव्यात फोन. दाजींनी ट्रंकेतून झूल काढली, आरशाची, त्यांच्या वडिलांच्या हातची. दोन आरसे गळालेले, तिथं बहिणीनं बटणं लावलीत.

“तुझ्या त्या गड्याची झूल किती दिस चालती रं?” दाजींनी विचारलं.

“सीझन हाय तंवर.”

“अन् मंग? फेकून देतेत?”

“नाही आबा, असती आतच. पण मागल्या सीझनची घालून गेलं की पोरं हसतेत.”

दाजींनी झूल बैलाच्या पाठीवर पसरली, मागं सरकून एकदा तिरकी तर नाही ना पाहिलं. “याला कुणी हसंना झालंय,” ते म्हणाले. “धर इकडं, दुसरं शिंग ऱ्हायलंय.”

“दोन मिन्टं आबा. झोन आलाय.”

लाल रंगाचा अंगठा त्यानं स्क्रीनवर दाबला, हिरो पोटऱ्या चमकवत पळाला. बैलानं एकीकडचं लाल, एकीकडचं कोरं शिंग हलवलं आणि वाट बघत उभा राहिला.