इवो जिमाचा फोटो ‘सेटअप’ नव्हता, थांबवा आता हे

‘जगप्रसिद्ध फोटोमागचं काळं सत्य’ नावाचा एक फॉरवर्ड फिरतोय. दुसऱ्या महायुद्धात जपानच्या इवो जिमा बेटावर सहा अमेरिकन सैनिक झेंडा उभारतायत तो फोटो, ज्याला १९४५ चं पुलित्झर, म्हणजे अमेरिकेतलं पत्रकारितेचं मानाचं बक्षीस, मिळालं, तो म्हणे फोटोग्राफर जो रोझेनथलने पोज द्यायला लावून काढला, बक्षीस सरकारने मॅनेज केलं, तो करोडपती झाला आणि पुलित्झर म्हणजे निव्वळ प्रचार. माझ्या भाच्याने, जो पत्रकारिता शिकतोय, हे जसंच्या तसं असाइनमेंटमध्ये उतरवलंय, त्यामुळे आता लिहिणं भाग आहे.

सगळ्यात संतापजनक मुद्दा पोजचा. अरे, त्या क्षणाची फिल्म आहे! मरीन सार्जंट बिल जेनॉस्ट रोझेनथलच्या शेजारी उभं राहून रंगीत शूटिंग करत होता. पाण्याच्या पाइपला बांधलेला झेंडा उचलला जातो, तिरका होतो, उभा राहतो, सगळं सलग, काही सेकंदांत, मधे कोणी थांबत नाही. उलट रोझेनथलच्या हातून तो क्षण निसटलाच असता, दगड आणि वाळूच्या गोण्या रचून तो वर चढला होता, जेनॉस्टशी बोलत होता, तेवढ्यात बाजूला हालचाल दिसली आणि त्याने बटण दाबलं. आणि पोजच द्यायची तर चेहरे नसते का दाखवले? फोटोत एकाचाही चेहरा धड ओळखू येत नाही, म्हणून तर कोण कोण होतं ती यादी १९४७, २०१६ आणि २०१९ मधे दुरुस्त करावी लागली.

मग अफवा आली कुठून? फोटोंची फिल्म धुवायला ग्वाम बेटावर गेली होती, आपला कुठला फोटो गाजतोय हेच रोझेनथलला माहीत नव्हतं. झेंडा लागल्यावर त्याने सगळ्यांना गोळा करून एक ग्रुप फोटोही काढला होता. पुढे कोणीतरी विचारलं, पोज दिलेली का, त्याला वाटलं ग्रुप फोटोबद्दल विचारतायत, तो हो म्हणाला. टाइम मासिकाच्या रेडिओ कार्यक्रमात ते गेलं, मग माफीही मागितली गेली, पण रोझेनथल २००६ मधे वारला तोवर हाच खुलासा करत राहिला.

त्या सहांपैकी स्ट्रँक, ब्लॉक आणि सूसली महिन्याभराच्या आत त्याच बेटावर मारले गेले. जेनॉस्ट ४ मार्चला एका गुहेत मारला गेला, त्याचा मृतदेह कधीच मिळाला नाही. ज्याची फिल्म हा पुरावा आहे तो माणूस असा गेला, आणि तुम्ही खुशाल ‘नाटक’ लिहिता!

एक मान्य करावं लागेल, हा झेंडा दुसरा होता. आधी छोटा लावला होता, त्याचे फोटो मरीन फोटोग्राफर लुई लोअरीने काढले, मग लांबून दिसावा म्हणून मोठा लावला. दुसरा होता म्हणून खोटा होत नाही.

बक्षीस: आदल्या वर्षीच्या कामाला द्यायचा नियम होता, फेब्रुवारीच्या फोटोला त्याच वर्षी देऊन अपवाद केला, हे खरंय. पण ते उघडपणे केलं, आणि पुलित्झर सरकार देत नाही, कोलंबिया युनिव्हर्सिटी देते. युद्धरोखे (युद्धखर्चासाठी जनतेला विकलेले कर्जरोखे) विकायला सरकारने हा फोटो भरपूर वापरला, पण वापरला म्हणजे बनवला असं होत नाही ना. करोडपती वगैरे तर बकवास, फोटोचे हक्क एपी या त्याच्या वृत्तसंस्थेकडे होते आणि रोझेनथल पुढे सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल या पेपरमधे १९८१ पर्यंत नोकरी करत होता.

राहिला प्रचार. १९४६ मधे नागासाकीवरच्या वार्तांकनाला पुलित्झर मिळालं त्या विल्यम लॉरेन्सबद्दल जरूर बोला, अणुबॉम्ब प्रकल्पाचं अधिकृत लिखाण तोच करत होता, तो आक्षेप रास्त आहे. मग १९५३ सुद्धा सांगा. नॉर्थ कॅरोलिनातल्या टेबर सिटी आणि व्हाइटव्हिल या गावांतल्या दोन चिमुकल्या पेपरांनी कू क्लक्स क्लान या गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांच्या दहशतवादी संघटनेविरुद्ध मोहीम चालवली, तीही स्वतःच्याच गावात, जिवाला आणि जाहिरातींना धोका पत्करून, शंभरावर क्लानवाले दोषी ठरले आणि सार्वजनिक सेवेचं पुलित्झर त्या दोघांना मिळालं. यात कुठल्या सरकारचा प्रचार होता?