पोट्टं गेलं तरी चालते, नाव राह्यलं पाहिजे

तुमचं खेड्यातलं छोटं आर्ट्स कॉलेज असेल, समोर सोयाबीनचं वावर, मागं कपाशीचं, आणि पहिल्या वर्षाला घेतलेली पोरं तिसऱ्या वर्षापर्यंत कुठं जातात तेच समजत नसेल, तर टेन्शन घेऊ नका. मी तासिका तत्त्वावर शिकवतो, म्हणजे दरवर्षी सेशन संपलं की माझी स्वतःचीच गळती होते अन् पुढच्या सेशनला मी परत ॲडमिशन घेतो, त्यामुळं या विषयावर बोलायचा माझा हक्क आहे असं समजा.

सुरुवात जूनपासून. दोन-दोन सर एका मोटरसायकलवर बसवा आणि गावं वाटून द्या. पोरं कमी झाली की वर्कलोड कमी अन् वर्कलोड कमी झाला की पद जाते, हे सगळ्यांना पाठ आहे त्यामुळं उन्हातान्हात कोणी कुरकुर करत नाही. बापाला शक्यतो वावरातच गाठा, पेरणीची घाई असते, माणूस लवकर हो म्हणते. अन् एक वाक्य विसरायचं नाही, "काका, रोज यायची काही गरज नाही, नाव टाकून ठेवा फक्त, पेपरले आला की झालं." निम्म्या ॲडमिशन या एका वाक्यावर होतात. पुढं सप्टेंबरात तेच सर स्टाफरूममध्ये चहा पिता पिता म्हणतील की आजकालच्या पोट्ट्यायले शिकाचंच नाही बाप्पा, तर तेव्हा त्यांना काही आठवण करून देऊ नका, माणसाचं मन दुखते.

टाइमटेबल बनवताना एसटीचं वेळापत्रक बिलकुल बघायचं नाही. टाइमटेबल अपडाऊनवर बनते. सरांची कार जिल्ह्याच्या गावावरून साडेनऊला निघते म्हणजे पहिला तास साडेदहाला, मग ज्या पोरीची गाडी साडेआठलाच येते तिनं दोन तास स्टँडवर बसावं, पंखा आहे तिथं, फिरत नाही ही वेगळी गोष्ट. आणि जिची परतीची गाडी दोनला आहे तिनं शेवटचा तास सोडून पळावं. पासमध्ये विद्यार्थ्याला एक तृतीयांशच भाडं लागते, २०२३ पासून तर बायांना सगळीकडंच अर्धं तिकीट आहे, म्हणजे सरकारनं सगळं केलं, आता गाडीच आली नाही तर त्यात कॉलेजचा काय दोष.

हजेरी ७५ टक्के पाहिजे असा नियम आहे. हा नियम पोरांसाठी आहे असं बऱ्याच नवीन प्राचार्यांना वाटते. नाही सर, तो रजिस्टरसाठी आहे. रजिस्टरची हजेरी ७५ भरली पाहिजे, पोराची नाही भरली तरी चालते. नॅकची, म्हणजे कॉलेजला ग्रेड देणाऱ्या संस्थेची, टीम येणार असली की मेंटॉर-मेंटी नावाची वही पण लागते, म्हणजे एका सराकडं वीस-पंचवीस पोरं दत्तक आणि त्यांच्या अडचणी सरांनी वर्षभर विचारल्या असं दाखवायचं. ही वही एका रात्रीत लिहायची, पण पेन तीन रंगाचे वापरा, नाहीतर लगेच दिसते. मी स्वतः लिहिलेली एक नोंद नमुना म्हणून देतो. समस्या: गावाहून बस नाही. उपाय: विद्यार्थ्यास नियमित येण्यास प्रवृत्त केले.

आता खुशखबर. नवीन शैक्षणिक धोरण आलं. कागदावर २०२० चं, आपल्यासारख्या साध्या कॉलेजांत २०२४ पासून. त्यात मल्टिपल एंट्री, मल्टिपल एक्झिट आहे, एक वर्ष करून सोडलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, तीन वर्षांनी डिग्री. म्हणजे आता कोणी शिक्षण सोडत नाही, एक्झिट घेते. आता सर्टिफिकेटसाठी आधी क्रेडिट कमवावे लागतात आणि आपल्या पोराचे चार विषय बॅक असतात ते सोडा. तसं पाहिलं तर आमच्या भागात मल्टिपल एक्झिट आधीपासूनच होते, एक पेरणीला, एक सोयाबीन सोंगायला, एक कापूस वेचायला आणि एक लग्नाला. फक्त एंट्री एकच होती, जूनमधली. अन् हिवाळी परीक्षा पण अशी फिट बसवलेली आहे की इकडं बोंडं फुटतात अन् तिकडं हॉल तिकीट येते. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात, पेपरचे मिळत नाहीत, पोरगं एवढं गणित तर बीएला न येताही करते.

गणितावरून आठवलं, निकालाची टक्केवारी. इथं नवीन माणूस फसते. समजा पहिल्या वर्षाला १२० पोरं घेतली, तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेला ५० बसली, त्यातली ४५ पास झाली. निकाल किती? कोणी ३७ म्हणेल, साडेसदतीस म्हणेल, त्याला ऑफिसच्या बाहेर उभं करा. निकाल ९० टक्के. नॅकच्या फॉर्मात पण शेवटच्या वर्षाला बसले किती अन् पास किती तेच विचारतात, मधातले ७० कुठं गेले ते त्या रकान्यात येतच नाही, मग आपण कायले सांगाचं. गेटवर फ्लेक्स लावा, निकालाची उज्ज्वल परंपरा, संस्थाध्यक्षांचा फोटो मोठा, पोरांचे छोटे. पाच पोरांचे फोटो मिळाले नाहीत तर मागच्या वर्षीचे चालतात, गावात ओळखते कोण.

बरं, आमच्या कॉलेजात पोरं येतच नाहीत असंही नाही. एकदा पहाटे पाचला ग्राउंडवर या. पन्नास-साठ पोट्टे असतात थंडीत, तोंडातून वाफ निघते, कोणाच्या पायात बूट, कोणी अनवाणी, पोलीस भरतीचे १६०० मीटर मारतात, पोरी ८०० मारतात, एक जण मोबाइलवर टाइम लावते अन् ओरडते, पाच पन्नास बे, मेला तू. गोळा एकच आहे, त्याच्यासाठी नंबर लागतात. वर्षभर, रविवारीसुद्धा, कोणी बोलावलं नाही तरी येतात. आठ वाजता शिपाई गेट उघडते तेव्हा ही सगळी घरी जात असतात. भरतीला बारावी पास लागते, बीए लागत नाही, हे त्यांना आपल्यापेक्षा आधी समजलं. आपण दिवसभर रिकाम्या बेंचांची हजेरी घेतो अन् भरलेल्या ग्राउंडची घेत नाही. मी एकदा मीटिंगमध्ये म्हटलं की सर, सातचा एक तास ठेवून पाहू, पोरं तर इथंच असतात. सगळे शांत झाले. मग एकानं विचारलं, "पण मग आम्ही घरून किती वाजता निघाचं?" ठराव काही झाला नाही, चहा झाला.

पोरींचं मात्र जपून करा, तिथं संख्या जास्त आहे. मागं जानेवारीत एक मायलेकी खिडकीवर आल्या. पोरगी दुसऱ्या वर्षाची, चौथं सेमिस्टर नुकतंच सुरू झालेलं, समोर बसणारी, प्रश्न विचारणारी (असे वर्गात दोनच). मायच्या हातात पिशवी, पिशवीत पत्रिका.

"बाबूजी, पोरीची टीसी पाह्यजे होती."

बाबूंनी वर पाहिलं नाही. "टीसी कायले मावशी? राहू द्या ना नाव. पेपरले येईन ते."

"सासर तिकडं चंद्रपूरकडं हाय."

आता इथं थोडा भूगोल सांगतो. आमचा यवतमाळ जिल्हा अमरावती विद्यापीठात. वर्धा नदी ओलांडून वर्धा जिल्ह्यात गेलं की नागपूर विद्यापीठ, चंद्रपूर जिल्ह्यात गेलं की गोंडवाना. पोरगी पुलावरून अर्ध्या तासात पलीकडं जाते, तिचे मार्क मात्र मायग्रेशन काढून, फॉर्म भरून, विषय जुळतात का ते पाहून जातात, पोचले तर पोचले. पोरगी हळूच म्हणाली, "सर, तिकडून परीक्षा देता येते का?" बाबू म्हणाले, "येते ना बाई, काहून नाही येत," आणि टीसीचं पुस्तक परत ड्रॉवरमध्ये टाकलं. बाबूंना दोष देऊ नका, तुम्हीच त्यांना सांगितलं असते की मार्चपर्यंत एकही नाव कमी झालं नाही पाहिजे. पत्रिका तेवढी आम्हा सगळ्यांच्या नावानं टेबलावर ठेवून गेली.

नाव अजून आहे. फेब्रुवारीत लग्न होतं, मंगळवारी, साडेअकराचा मुहूर्त. राज्यशास्त्राचे सर गेले होते, मी पण गेलो, आलू-वांग्याची भाजी, बुंदी, मठ्ठा, पंगत बसली तेव्हा एक वाजून गेला होता. पोरगी स्टेजवरून आमच्याकडं पाहून हसली पण. आणि परवा रजिस्टर तपासायला माझ्याकडं आलं तेव्हा पाहिलं, त्या मंगळवारी बारा ते एक राज्यशास्त्राचा तास झालेला आहे, सरांची सही आहे, आणि तिच्या नावापुढं पी.