खुर्चीवाल्यांची रेकॉर्ड

शनिवारी दुपारी आमची वीज गेली. इथे अमेरिकेत, मिलवॉकीत, वीज जातच नाही असं नाही, बर्फात जाते कधीमधी, पण ही गेली नव्हती, घालवली होती. सासऱ्यांनी. बेसमेंटमध्ये उतरून, मोबाइलचा टॉर्च लावून मेन ब्रेकर खाली ओढला आणि हॉलमध्ये लावलेली मा रेनी, शंभर वर्षांपूर्वी ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांची गाणी गाणारी बाई, अर्ध्या ओळीत गप्प झाली. कारण काय, तर "जावईबापू, हॉलमध्ये स्पार्किंग होतंय."

सासरे ३६ वर्षं वीज मंडळात होते. सहा महिन्यांसाठी आलेत. इथलं १२० व्होल्ट त्यांना आल्या दिवसापासून खुपतंय, एवढा मोठा देश आणि व्होल्टेज निम्मं म्हणजे काय! तर अशा माणसासमोर १९२४ ची खरखर लावली ही माझीच चूक, असं बायको म्हणते. मी काही बोललो नाही. जावयाने बोलायचं नसतं.

"बाबा, ते स्पार्किंग नाही, गाणं आहे."

"गाणं मागे होतं. मी पुढच्याबद्दल बोलतोय."

तसं त्यांचं अगदीच चूक नव्हतं. आवाज आधी भजी तळल्यासारखा येतो, मग त्या कढईच्या तळातून बाई गाते.

"ही कॅसेट खराब आहे."

"सीडी आहे बाबा. पाच सीड्यांचा सेट."

"सीडीत खरखर? मग परत करा! पैसे किती मोजले?"

मी आकडा सांगितला नाही. त्यांनी तो डॉलरातून रुपयांत नेला असता आणि तिथून सांगलीच्या सोन्याच्या भावात. म्हणून मी समजवायला बसलो, आणि इथेच फसलो. सांगितलं की मूळ रेकॉर्डिंग असंच आहे, भोंग्यात तोंड घालून गायचे, माइक नव्हता. माइक आला तरी या कंपनीने तो घ्यायला वेळ लावला. त्यात लाखेच्या तबकड्या, लाखेत स्वस्तातली भर. मूळ साचे पुढे भंगारात गेले, म्हणून लोकांच्या घरात पडलेल्या झिजक्या तबकड्या गोळा करून हे सगळं परत काढलंय.

"कंपनी कुठली?"

"पॅरामाउंट. सिनेमावाली नाही, ही वेगळी. इथलीच, विस्कॉन्सिनची. मूळ धंदा खुर्च्यांचा."

बाबांनी चष्मा काढला.

"खुर्च्यांचा?"

"हो, विस्कॉन्सिन चेअर कंपनी. ग्रामोफोनची लाकडी कपाटं करायला घेतली, मग म्हणाले रेकॉर्डही आपणच काढू."

"म्हणजे सुताराने रेकॉर्ड काढली."

"तसं नाही..."

"मग बरोबर आहे. अगं ऐकलंस का, यांनी सुताराकडून गाणी घेतलीत!"

सासूबाई एव्हाना सेटबरोबरचं पुस्तक उलगडून बसल्या होत्या. "अगबाई, हिच्या गळ्यात पुतळ्यांची माळ!" खरंच होती. सोन्याच्या नाण्यांची माळ, दातांना सोनं, डोक्याला पिसं. स्टेजवर भलामोठा लाकडी ग्रामोफोन ठेवायचे, ही आतून पहिलं गाणं सुरू करायची आणि मग दार उघडून बाहेर! पाच वर्षांत, १९२३ ते २८, शंभराच्या आसपास गाणी रेकॉर्ड केली. "किती तोळ्यांची असेल हो?" सासूबाई. मी म्हटलं माहीत नाही. ब्लूजवर एवढा प्रामाणिक प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता.

खरं सांगू का, राग मला खरखरीबद्दलच्या टोमण्यांचा नाही. हिने तंबूत गाऊन नाव काढलं, शेवटी जॉर्जियात परत जाऊन थिएटरं चालवली, १९३९ ला गेली, आणि मृत्यूच्या दाखल्यावर व्यवसाय काय लिहिला, तर घरकाम. पुतळ्यांची माळ घालून घरकाम! त्या कंपनीचा तबकड्यांचा कारखाना ग्राफ्टनला होता, आमच्यापासून वीसेक मैलांवर. एवढ्या जवळ असून चांगली लाख वापरायला काय झालं होतं यांना? म्हणजे शंभर वर्षांपूर्वी खुर्चीवाल्यांनी केलेली काटकसर मी आज माझ्या हॉलमध्ये बसून सासऱ्यांना निस्तरून दाखवायची. आणि ब्रेकर ओढला तो नेमका कुठे, तर जिथे मागे २३ वर्षांचा लुई आर्मस्ट्राँग, पुढे जाझमधला मोठा माणूस झालेला, कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटसारखं छोटं वाद्य घेऊन शिरतो तिथे. आख्ख्या सेटमध्ये मी त्या गाण्यासाठी थांबलो होतो.

असो. रविवारी सकाळी सहाला हॉलमधून भजी तळल्याचा आवाज आला. धावत गेलो. बाबा टॅबलेटसमोर डोळे मिटून, मांडीवर ताल धरून बसलेले. बालगंधर्व. खर्र खर्र खर्र.

"बाबा, स्पार्किंग?"

त्यांनी डोळे न उघडताच हात वर केला. "श्शू. जागा बघा, जागा."

ब्रेकर बेसमेंटमध्येच आहे, जिना मला माहीत आहे. पण गेलो नाही, चहा टाकला. ओव्हन, मायक्रोवेव्ह, दोन्हींच्या घड्याळात शनिवारपासून बाराच वाजलेत, आणि ती मीच लावायची असं ठरलंय म्हणे.