अंधेरीचं मैदान पालिकेचं आहे, म्हणजे आपलं आहे

मुंबईत फुटबॉलचा विषय निघाला की जुनी माणसं दक्षिण मुंबईतलं कुपरेज मैदान आणि तिथली जुनी रोव्हर्स कप स्पर्धा यांच्या आठवणींत रमतात. मी अंधेरीचा, माझं मैदान वीरा देसाई रोडवरचं. टीव्हीवर ते 'मुंबई फुटबॉल अरीना', रिक्षावाल्यासाठी 'स्पोर्ट्स कॉम्प्लेक्स', आणि कागदोपत्री शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल. १९८८ साली सुरू झालं, मालकी महापालिकेची.

१ नोव्हेंबर १९९६ ला मायकल जॅक्सन इथेच नाचला. आमच्याकडे कित्येकांना हे मैदान तेवढ्यासाठीच आठवतं, याचं मला वाईट वाटतं. कारण खरी श्रीमंती पुढे आहे. ३ सप्टेंबर २०१६ ला भारताने पोर्तो रिकोला इथे ४-१ असं हरवलं, तेही पहिला गोल खाऊन. मुंबईत भारताचा सामना ६१ वर्षांनी होत होता! त्याच वर्षी इंडियन सुपर लीगमधली मुंबई सिटी एफसीही इथे खेळायला आली.

आणि मग जून २०१८. चायनीज तैपेईला, म्हणजे तैवानला, आपण ५-० ने हरवलं, कर्णधार सुनील छेत्रीची हॅटट्रिक, पण बघायला जेमतेम अडीच हजार माणसं. छेत्रीने व्हिडिओ टाकून हात जोडले: शिव्या द्या, टीका करा, पण स्टेडियममध्ये येऊन द्या. ४ तारखेला केनियाविरुद्ध त्याचा शंभरावा सामना होता. मी भाच्याला घेऊन गेलो. पाऊस असा की छत्री उघडून उपयोग नव्हता. मैदानात पाणी, चेंडू मध्येच थबकायचा. हाफटाइमला ०-० होतं, तरी कोणी जागचं हललं नाही. शेवटी ३-०, त्यात छेत्रीचे दोन. शेवटच्या मिनिटांत त्याने गोलकीपरच्या डोक्यावरून अलगद चेंडू टाकला, तेव्हा शेजारच्या अनोळखी काकांनी भाच्याला उचलून खांद्यावर घेतलं. दोघंही नखशिखांत भिजलेले.

आज तोच भाचा सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन स्कूटरांच्या मधे गोल मांडून खेळतो. मैदान चालत दहा मिनिटांवर.

गवत जपावं लागतं, रोज कुणालाही आत सोडता येणार नाही, हे मला कळतं. पण आपल्या कराच्या पैशांवर उभ्या राहिलेल्या मैदानावर पहिला हक्क पालिकेच्या शाळांतल्या मुलांचा आहे, असं मी ठामपणे म्हणेन. दर हंगामात त्यांच्यासाठी ठरलेले दिवस हवेत, आधीच जाहीर केलेले. आंतरशालेय स्पर्धेची मुला-मुलींची फायनल दरवर्षी इथेच व्हावी, फ्लडलाइट लावून. आणि आईवडिलांना तिकीट नको.