“फक्त ऑइल बदलायला गाडी दिली होती” या रिव्ह्यूला गॅरेजकडून उत्तर

नमस्कार भाऊ. एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की नुकतीच घेतलेली जुनी पिकअप फक्त ऑइल बदलायला दिली, तर आम्ही १९ हजारांची यादी हातात ठेवली. तुम्ही नाही म्हणालात, आणि आठवडाभरात गाडी कन्नड घाटात हीट होऊन उभी राहिली. म्हणजे आम्हीच काहीतरी बिघडवलं, असं तुमचं म्हणणं. भर मे महिन्यात केळी भरलेली गाडी घाटात अडकली तर कुणाचंही डोकं फिरेल. पण बिघडवल्याचा आरोप मान्य नाही, म्हणून सविस्तर लिहितो. हे वाचणाऱ्यांतही जुनी पिकअप घेणारे बरेच असतील.

तुम्ही हो म्हणालात तेवढंच काम केलं: इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर. यातल्या कशानेही रेडिएटर उकळत नाही.

रेडिएटरचं झाकण तुमच्यासमोर उघडलं होतं. आत कूलंट नव्हतंच, नुसतं तांबूस पाणी. तोंडाशी पांढरा थर. आपल्याकडच्या बोअरचं पाणी रोज तापवलेल्या पातेल्याच्या बुडाशी जे बसतं, तेच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसलंय. खालचा होज पाइप दाबला तर पार पिचपिचीत. आणि थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, जागेवर नाहीच, कुणीतरी काढून फेकलेला. गाडी हीट मारते म्हटलं की थर्मोस्टॅट काढायचा, हा आपल्याकडचा जुना इलाज. त्याने रोग जात नाही, फक्त झाकला जातो आणि गाडी विकली जाते. मोकळी गाडी सपाट रस्त्यावर फिरवून पाहिली की टेंपरेचरचा काटा निवांत खाली. चाळीसगाव सोडून घाट लागला, मागे दीड टन माल, बाहेर ४३-४४ डिग्री, गाडी दुसऱ्या गिअरवर रडतखडत चढतेय, समोरून वारा नाही. तिथे बुजलेला रेडिएटर काय करणार?

म्हणूनच जॉब कार्डवर ‘कूलंट, होज, थर्मोस्टॅट: ग्राहकाचा नकार. भरून घाटात नेऊ नये’ असं लिहून खाली तुमची सही घेतली. कार्डवर गाडीचा नंबर आहे, त्यामुळे फोटो इथे टाकत नाही. तुमची प्रत तुमच्याकडे आहेच.

तुम्ही म्हणालात, मीटर ६२ हजारच आहे, एवढं काम निघेलच कसं? अहो, मीटर सोडा, क्लचचं पेडल बघा. रबर झिजून खालचं लोखंड चकाकतंय. ६२ हजारांत तसं होत नाही. मागच्या डाव्या पाट्यांना (स्प्रिंगच्या पट्ट्यांना) नवाकोरा काळा रंग होता, बाकी चेसिस मात्र गंजलेली. एकाच बाजूचे पाटे कोण रंगवतं? आमच्या गॅरेजमधल्या मुलाने स्क्रू ड्रायव्हरने रंग खरवडला तर मेन पाट्यावर आडवी चीर. क्राउनचं (मागच्या ॲक्सलमधल्या गिअरचं) ऑइल दुधाळ निघालं, म्हणजे आत पाणी गेलेलं. गाडी आधी नदीपात्रात वाळू ओढत असावी, हा आपला माझा अंदाज. ब्रेक ऑइल काळं पडलेलं. ते हवेतला ओलावा ओढतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. तसंच ठेवलं तर भरल्या गाडीने घाट उतरताना ते उकळतं आणि पेडल सरळ खाली जातं. गाडी चढताना बंद पडली याचं वाईट वाटून घेऊ नका, उतरताना ब्रेक गेले असते तर काय झालं असतं?

१९ हजार एकदम भरा असं आम्ही म्हटलंच नव्हतं. यादीत कूलिंगचं काम, मेन पाटा आणि ब्रेक ऑइल यांवर लाल पेनाने खूण केली होती. क्राउन ऑइल आणि चाकांचे बेअरिंग धुऊन ग्रीस करणं हे पुढच्या महिन्यात चाललं असतं. क्लच तर अजून सहा महिने ढकलता आला असता. जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो: व्यवहारात घासाघीस करून जे वाचवाल ते आधी ऑइलं, बेल्ट, पाइप आणि ब्रेकवर घाला, मग साउंड आणि मागचं नाव रंगवा. विकणाऱ्याने ‘सगळं नवीन टाकलंय’ म्हटलं तर बिलं मागा. बिलं नसतील तर काही टाकलेलं नाही असंच धरून चाला. आणि गाडी बघायला जाल तेव्हा बॉनेटला हात लावा. इंजिन आधीच गरम करून ठेवलं असेल तर गार झाल्यावर पुन्हा या, गार इंजिन सुरू होताना बरंच काही सांगतं.

आता तुमच्या गाडीचं. वाटेत कुणी पाणी ओतून ती घरापर्यंत चालवत आणली असेल तर यापुढे सेल्फ मारू नका. ऑइलची डिपस्टिक काढून बघा. ऑइल दुधी दिसलं तर त्यात पाणी शिरलंय, बहुधा हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांमधलं सील) गेलंय, आणि तशीच चालवली तर इंजिनच उतरवावं लागेल. ओढून आणा, आमच्याकडे नाही तर तुमच्या भरवशाच्या मिस्त्रीकडे. आमच्याकडे आणलीत तर खोलताना तुम्ही समोर थांबा, निघालेला प्रत्येक पार्ट तुमच्या हातात देतो. सोमवारी सकाळी नऊला शटर उघडतं.