‘घरात बसून’ लिहिणाऱ्या वाचकांसाठी

2014 मध्ये इराकमधल्या मोसुलला आयसिस या दहशतवादी संघटनेने 39 भारतीय कामगारांना पळवून नेऊन मारलं. त्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘घरात बसून सरकारला शहाणपण शिकवणं सोपं असतं. तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमाताई स्वराज यांनी जिवाचं रान केलं. 1971 च्या युद्धात बेपत्ता झालेल्या जवानांबद्दल का नाही लिहीत? आणि आकडे तरी नीट द्या.’

आकड्याचं आधी. 39 पार्थिवं आली असं मी लिहिलं होतं. 2 एप्रिल 2018 ला अमृतसरला 38 उतरली, एकाच्या डीएनएची खात्री व्हायची होती. चूक माझी, दुरुस्त केली. 1971 चा विषय वेगळा आहे, तो इथे नको.

पण ‘घरात बसून’? ओळख ना पाळख आणि ही भाषा?

त्या घराचंच सांगतो. माझा मावसभाऊ 2009 मध्ये एजंटामार्फत फिटर म्हणून आखातात गेला. आठ महिन्यांनी त्याचे फोन थांबले. नागपूरच्या महाल भागात मावशीच्या ओट्यावर बसून अर्ज मीच लिहायचो. पासपोर्टची झेरॉक्स, व्हिसाची झेरॉक्स, रजिस्टर पोस्टाच्या पावत्या, सगळं मावशी साडीच्या दुकानाच्या पिशवीत ठेवायची. तीनदा उत्तर आलं, तिन्ही वेळा एकच ओळ: ‘माहिती मागविण्यात आली आहे.’ कोणाकडून, कधी, काय कळलं, काहीच नाही. एजंट तर फोनच उचलेना. तेव्हा तुम्ही कुठे होतात, असं मी विचारत नाही. तुम्ही मात्र मला विचारता.

सुषमाताईंच्या धडपडीबद्दल मी वावगं अक्षर लिहिलेलं नाही. इराकमधल्याच तिक्रितहून 46 भारतीय नर्सेस सुखरूप आल्या, तेही त्याच लेखात आहे. वाचलंत तरी का? माझं म्हणणं एवढंच की घरच्यांना जे कळलंय ते सांगा, जे कळलं नाही तेही सांगा. त्या कामगारांबरोबरच पकडलेला हरजित मसीह सुटून आला आणि बाकीच्यांना गोळ्या घातल्या असं सांगत राहिला. पुराव्याशिवाय मृत म्हणणार नाही, ही सरकारची भूमिका मला समजते. पण ‘जिवंत असल्याची माहिती आहे’ हे घरच्यांना पुन्हापुन्हा सांगणं ही निराळी गोष्ट झाली. आणि 20 मार्च 2018 ला राज्यसभेत ते सगळे मारले गेल्याची घोषणा झाली, ती कित्येक घरांना टीव्हीवरून कळली. आधी एक फोन करायला कुठली मुत्सद्देगिरी आड आली होती?

सात वर्षं झाल्यावर भावाला कायद्याने मृत ठरवून घ्या, असं वकिलांनी मावशीला सुचवलं. तिने कागद परत केले. रेशनकार्डावर त्याचं नाव अजून आहे.