पंक्तिप्रपंच

दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या काळात मंडेलांना ठेवलं होतं त्या रॉबेन आयलंडच्या तुरुंगात जेवणाच्या जुन्या तक्त्याची मोठी करून लावलेली प्रत दाखवतात. दोन रकाने आहेत. एकावर ‘कलर्ड/एशियाटिक’, म्हणजे मिश्रवंशीय आणि भारतीय वगैरे, दुसऱ्यावर ‘बांटू’, म्हणजे काळे आफ्रिकन. मांस : पहिल्याला ६ औंस, दुसऱ्याला ५. चरबी : पहिल्याला १ औंस, दुसऱ्याला अर्धा. जॅम किंवा पाक : पहिल्याला १ औंस, दुसऱ्यापुढे फक्त ‘नाही’. तुरुंग तोच, शिक्षा तीच, चुनखडीच्या खाणीतलं काम तेच.

आम्हाला फिरवणारे काका स्वतः तिथे कैद भोगून आलेले. त्यांनी तक्त्यावर बोट ठेवलं आणि मी नकळत आपला रकाना शोधला. जॅमवाला! तेव्हा आजीचा शब्द आठवला. पंक्तिप्रपंच. एका पंगतीत बसलेल्यांना माणूस बघून वाढणं, याला ती पाप म्हणायची. (तिच्या लहानपणी गावजेवणात काही घरांची पंगतच वेगळी, लांब बसायची, हेही तिनेच सांगितलं होतं.)

हे लिहायचं कारण, परवा आमच्या ग्रुपवर एका मित्राने लिहिलं, "दक्षिण आफ्रिकेकडे बघा, सगळं माफ करून पुढे गेले." त्याला मनापासून तसं वाटतं, पण मला ते पटत नाही.

माफी झाली, खरं आहे. १९९६ मध्ये आर्चबिशप टुटूंच्या अध्यक्षतेखाली, वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगाच्या सुनावण्या सुरू झाल्या. जे घडलं ते सगळं खरं सांगा, ते राजकीय हेतूने केलं होतं हे दाखवा, मग खटला नाही, असा तो सौदा. ७ हजारांहून जास्त अर्ज आले, त्यातले ८४९ मंजूर झाले. म्हणजे सरसकट माफी नव्हतीच. ज्यांनी अर्ज केला नाही किंवा ज्यांचा फेटाळला गेला, त्यांच्यावर खटले चालायला हवे होते. आयोगाने तीनशेच्या आसपास प्रकरणं सरकारी वकिलांकडे दिली. बहुतेक धूळ खात पडली.

अहमद तिमोल हा भारतीय मुळाचा शाळामास्तर. १९७१ मध्ये जोहान्सबर्गच्या पोलीस मुख्यालयात दहाव्या मजल्यावरून पडून गेला. पोलीस म्हणाले, उडी मारली. चौकशीनेही आत्महत्याच ठरवली. त्याची आई आयोगापुढे येऊन बोलली. तो खून होता हे कोर्टाने मान्य केलं २०१७ मध्ये, तोवर ती माउली गेली होती. एका माजी पोलिसावर २०१८ मध्ये आरोप ठेवले, तो २०२१ मध्ये खटला उभा राहायच्या आत वारला. आता या घरच्यांनी माफ करायचं ते कुणाला? त्यांच्याकडे कुणी मागितली माफी?

आणि मला जास्त सलतं ते याच्याही पलीकडचं आहे. आयोगाच्या कक्षेत होते खून, छळ, अपहरण, गंभीर अत्याचार. काळ १९६० ते १९९४. पण वर्णभेद म्हणजे रोज उठून छळ नव्हता, ती रोजची वाढपाची पद्धत होती. १९१३ च्या कायद्याने देशातल्या बहुसंख्य काळ्या लोकांसाठी जेमतेम ७ टक्के जमीन ठेवली, १९३६ मध्ये ती १३ च्या आसपास नेली. १९६० नंतरच्या वीसेक वर्षांत ३५ लाख माणसांना घरादारातून उठवलं. ट्रकमध्ये सामान भरून माळावर नेऊन टाकलेल्या बाईचं दुःख आयोगाच्या व्याख्येत बसत नव्हतं, कारण तिला कुणी मारलं नव्हतं.

२०१७ च्या सरकारी पाहणीत व्यक्तींच्या नावावरच्या शेतजमिनीपैकी ७२ टक्के गोऱ्यांकडे निघाली. लोकसंख्येत ते दहा टक्केही नाहीत.

आयोगाला हे दिसत नव्हतं असं नाही. ज्यांचा फायदा झाला त्यांच्यावर संपत्ती कर लावा, पीडितांना सहा वर्षं दरवर्षी रक्कम द्या, असं त्यांनी सुचवलं होतं. २००३ मध्ये सरकारने कर नाकारला आणि पीडितांना प्रत्येकी ३० हजार रँड एकदाच देऊन विषय मिटवला.

तडजोड केली नसती तर रक्तपात झाला असता, हे मीही मानतो. १९९० ते ९४ या वाटाघाटींच्या काळातच १४ हजारांच्या आसपास माणसं मेली. मंडेलांना दोष द्यायची माझी लायकी नाही. पण तडजोडीत मन मोठं करायचं काम एकाच बाजूकडे आलं आणि दुसऱ्या बाजूचं ताट जसंच्या तसं राहिलं. याला मी सलोखा म्हणू शकत नाही.

तुरुंगात मंडेलांचे भारतीय मुळाचे सहकारी अहमद कथराडा यांना ब्रेड मिळायचा, शेजारच्या मंडेलांना नाही. कथराडांना तो नाकारायचा होता. सहकारीच म्हणाले, मिळालेलं सोडू नकोस, आम्हालाही मिळावं म्हणून लढू.

जोहान्सबर्गला संविधान न्यायालय जुन्या तुरुंगाच्या जागेवर, त्याच्याच विटा वापरून बांधलंय. त्याच्या दारात २०२३ च्या अखेरीस वर्णभेदात होरपळलेली म्हातारी माणसं भरपाईसाठी ठाण मांडून बसली. बऱ्याचशा आज्या. रात्री त्या तिथेच, उघड्यावर झोपू लागल्या.